हिरवं आलं का गं?

जळगावहून लग्न होऊन मी म्हैसूरला आले आणि थोड्याच दिवसांत इथल्या एका संशोधन संस्थेत मला काम मिळालं. "काय काम असतं गं तिथं?" असं सासूबाईंनी विचारलं तेव्हा मी पायात चपला सरकवत होते. घाईघाईत म्हणाले, "अंड्यांना इंजेक्शन देते."

संध्याकाळी मी परत येईपर्यंत ही बातमी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली होती. समोरच्या बाईंनी मला फाटकातच गाठलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "हल्ली अंड्यांत काय काय टोचतात म्हणे. तुम्हाला आतलं माहीत असणार. मग आम्ही कुठल्या दुकानातली घ्यायची?" कोपऱ्यावरचा अंडीवाला दुसऱ्या दिवसापासून मला बघून नमस्कार करू लागला. तो आदराने करायचा की भीतीने, हे मला अजून कळलेलं नाही.

सासूबाईंना मात्र यात काही वावगं वाटलं नाही. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या म्हैसुरात. घरात मराठीच बोलतात, पण मराठीत सुरू झालेलं वाक्य कन्नडमध्ये कधी जाऊन संपतं ते बोलणाऱ्यालाही कळत नाही. मी आल्या आल्या 'बेगा' म्हणजे लवकर आणि 'साकु' म्हणजे पुरे, एवढे दोन शब्द शिकून घेतले. घरात निभावायला ते पुरले. सासूबाई बँकेतून निवृत्त झाल्या होत्या आणि आता वेळ कसा घालवायचा हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता, कारण साठीच्या आसपासच्या बायकांच्या थ्रोबॉल संघाच्या त्या कर्णधार होत्या. रोज संध्याकाळी कुर्त्याखाली ट्रॅकपँट चढवून मैदानावर जायच्या. त्यांनी "माझा!" म्हणून बॉल मागितला की बाजूच्या रस्त्यावरचे रिक्षावालेसुद्धा ब्रेक मारायचे.

अंड्यांचा गोंधळ निस्तरायला म्हणून एका रविवारी मी त्यांना नीट समजावून सांगायला बसले. करोनाच्या काळात एमआरएनए हा शब्द पेपरात सारखा यायचा, त्यामुळे तेवढा त्यांच्या कानावरून गेला होता.

"आई, आधी म्हणजे ती कोंबडीची अंडी नव्हेत. माशाची. झेब्रा मासा म्हणून असतो, बोटाच्या पेराएवढा, अंगावर निळे पट्टे. त्याचं अंडं राजगिऱ्याच्या दाण्याएवढं, आणि काचेसारखं आरपार दिसतं."

"बरं."

"प्रत्येक पेशीत डीएनए असतो. कुठलं प्रोटीन कसं बनवायचं ते सगळं त्यात लिहिलेलं. पण तो पेशीच्या मधल्या खोलीतून बाहेर येत नाही. प्रोटीन बनवायचं काम बाहेर चालतं. म्हणून मग हवी तेवढी एक नक्कल काढून बाहेर पाठवतात. ती नक्कल म्हणजे मेसेंजर आरएनए, पेपरातलं ते एमआरएनए."

सासूबाईंचे डोळे चमकले. "म्हणजे ओरिजिनल डॉक्युमेंट लॉकरमध्ये आणि काउंटरवर झेरॉक्स. अल्वा?"

'अल्वा' म्हणजे 'हो की नाही'. मी म्हटलं, "अगदी तसंच. आणि काम झालं की झेरॉक्स फाडून टाकतात."

"मग तू काय करतेस?"

"मी बाहेरून आपलीच एक झेरॉक्स आत घुसवते. सुईनं."

"अय्यो! हा तर फ्रॉड झाला गं!"

"पेशीला कळत नाही ना ती कुणाची ते. हाती आलेलं वाचते आणि लिहिलंय तसं प्रोटीन करून टाकते. आमच्या नकलेत एका जेलीफिशच्या प्रोटीनची कृती आहे. ते प्रोटीन निळ्या उजेडात हिरवं चमकतं. जेवढं हिरवं, तेवढं प्रोटीन झालं असं समजायचं."

त्यापुढचा भाग म्हणजे माझा खरा प्रश्न. या नकलेला शेवटी एक शेपूट असते, एकच अक्षर पुन्हा पुन्हा लिहिल्यासारखी. शेपूट लांब असली तर प्रोटीन जास्त बनतं का आणि आखूड असली तर किती कमी, हे मला जिवंत गर्भात मोजायचं होतं. सासूबाईंनी शेपटाचं ऐकून घेतलं, पण त्यांच्या मनात राहिलं ते हिरवं. त्या दिवसापासून मी घरात पाऊल टाकलं की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "हिरवं आलं का गं?"

आलं नव्हतं. आणि पुढे कित्येक आठवडे येणार नव्हतं.

झेब्रा मासे पहाट झाली असं वाटलं की अंडी घालतात. आमच्या मासेघरात पहाट म्हणजे ट्यूबलाइट. आदल्या संध्याकाळी नर आणि मादी एका टाकीत, पण मधे पारदर्शक पाटी लावून ठेवायचे. सकाळी दिवे लागले की पाटी काढायची. मग त्यांची पाठशिवणी सुरू होते आणि थोड्या वेळात टाकीच्या तळाला अंडी जमतात. तिथून पुढे घाई. अर्ध्या-पाऊण तासात त्या एका पेशीच्या दोन होतात, आणि आपल्याला टोचायचं असतं त्याआधी, म्हणजे आपला निरोप, ती नक्कल, सगळ्या अंगभर पोचतो. त्यामुळे घरी सगळे कॉफीचा पहिला घोट घेत असायचे तेव्हा मी चाळणीत अंडी गोळा करत असायची. नवरा म्हणायचा, "लोकांच्या बायका देवळात जातात सकाळी, माझी मासेबाजारात."

टोचायची सुई काचेची. बारीक काचेची नळी एका यंत्रात अडकवायची, मधे तार तापते, काच मऊ होते आणि यंत्र दोन्हीकडून ओढतं. नळीच्या दोन सुया होतात, टोकाला केसाहून बारीक. अशा सुया मी पहिल्या महिन्यात इतक्या मोडल्या की मॅडम माझ्या टेबलाजवळून चप्पल घालून जपून जायच्या. मॅडम म्हणजे माझ्या वरिष्ठ. पन्नाशीच्या, उंच, अतिशय कमी बोलणाऱ्या. सदा काहीतरी गुणगुणत असायच्या आणि गुणगुणणं थांबलं की समजायचं, आता त्या विचार करताहेत. मोडलेल्या सुयांबद्दल त्या एकदाच बोलल्या. म्हणाल्या, "श्वास सोडताना टोच. घेताना नको."

तसं करून बघितलं आणि जमायला लागलं. डावा हात अंडी सरकवतो, उजवा सुई धरतो, पाय पेडलवर. पेडल दाबलं की सुईतून इवलासा थेंब पेशीत उतरतो. तो दिसावा म्हणून त्यात लाल रंग घातलेला असतो. पारदर्शक पेशीत तो लाल ठिपका उमटला की इतकं बरं वाटायचं, की दिवसभर मी तेवढंच करत बसले असते. एक अंडं, दुसरं अंडं, तिसरं. गर्भ मरत नव्हते. छान वाढत होते. दुपारनंतर निळ्या दिव्याखाली बघायचं.

काळं. सगळं काळं. कधीतरी बलकाची फिकट पिवळी झाक दिसायची आणि मी खुर्ची पुढे ओढायचे, पण ते हिरवं नव्हे.

आम्ही एकेक संशय घेत गेलो. नकलेच्या डोक्यावर एक टोपी असते, ती नीट बसली नसेल. म्हणून नवी बनवली. सूक्ष्मदर्शकाचा दिवा म्हातारा झाला असेल. म्हणून दुसऱ्या विभागात जाऊन बघितलं. मासे थकले असतील म्हणून त्यांना सुट्टी देऊन झाली, खाणं बदलून झालं. आरएनए अखंड आहे का ते जेलवर चालवून बघितलं, तर पट्टी ठसठशीत. म्हणजे निरोप धडधाकट होता. गर्भ धडधाकट होते. मला टोचता येत होतं. तरी गर्भ काही उत्तर देत नव्हते.

घरात मात्र 'हिरवं आलं का' या प्रश्नाची साथ पसरली होती. सासूबाईंमुळे तो थ्रोबॉल संघात गेला आणि संघातून घरोघरी. देवराज मोहल्ल्यात ब्लाउज शिवायला टाकायला गेले, तर तिथे भेटलेल्या एका अनोळखी बाईंनी मला विचारलं, "तुमचं ते हिरवं झालं का हो?" मी "होईल, होईल" म्हणून माप द्यायला आत पळाले.

याच सुमारास बंगळुरातल्या एका कंपनीतून मला बोलावणं आलं. अर्ज तपासायचे, कागद लिहायचे, मासे नाहीत, सुया नाहीत. मी नवऱ्याला सांगितलं की जावं म्हणते. तो म्हणाला, "तुला बरं वाटेल ते कर." आईंना सांगायचं धाडस मात्र होईना.

त्या रविवारी सासूबाईंच्या संघाचा टी. नरसीपूरला मैत्रीचा सामना होता. व्हॅनमध्ये एक जागा रिकामी होती, मला जबरदस्तीनं बसवलं. सामना झाला आणि आमचा संघ सडकून हरला. समोरच्या संघात शाळेत खेळ शिकवणाऱ्या बायका होत्या, त्यांच्या हातातून बॉल सुटायचा तो थेट जमिनीतच शिरायचा. हरल्यावर मला वाटलं, आता सगळ्या गप्प गप्प घरी. पण व्हॅन उलट्या दिशेला वळली. सामना हरो की जिंको, पुढे तलकाडला जायचं हे आधीच ठरलेलं होतं.

तलकाडला नदीकाठी वाळूच वाळू. देवळंच्या देवळं त्या वाळूत गाडली गेलीत आणि उतरून उतरून त्यांच्यापर्यंत जावं लागतं. ट्रॅकपँटीतल्या आजीबाई चपला हातात घेऊन वाळूत धापा टाकत, हसत चालल्या होत्या. मी सासूबाईंच्या बरोबर मागे राहिले आणि सांगून टाकलं.

"आई, मी हे काम सोडावं म्हणते."

त्या थांबल्या. "का?"

"होत नाहीये ते. किती दिवस झाले. मला येत नसेल कदाचित."

"आज आम्ही किती वाईट हरलो, बघितलंस ना? पण मॅच अर्धी टाकून आलो का?"

"आई, हा थ्रोबॉल नाहीये." माझा आवाज जरा जास्तच चढला. "तिथं समोरचा संघ दिसतो तरी. इथं मी कुणाशी हरतेय तेच मला कळत नाही."

सासूबाई रागावतील असं वाटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग वाळूकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हं. ते कळायला पाहिजे. सोड, पण कुणाशी हरलीस ते बघून सोड. नाहीतर जिवाला लागून राहील." आणि माझा दंड धरून चालू लागल्या. "चल बेगा, भूक लागली."

जेवायला आम्ही रस्त्याकडेच्या एका छोट्या हॉटेलात बसलो. वेटर पाण्याचे ग्लास घेऊन आला. सगळीकडे आणतात तसेच. चार ग्लास, चार बोटं, प्रत्येक ग्लासात एक बोट बुडवून, वरून चिमटीत धरलेले. सासूबाईंनी त्याला कन्नडमध्ये असं झापलं की शेजारच्या टेबलावरच्यांनीही आपले ग्लास बाजूला सारले. बिचारा ग्लास परत घेऊन गेला आणि बाटल्या आणून ठेवल्या. मी हसले, भात-सांबार खाल्लं आणि विसरून गेले. त्या क्षणी मला काहीही सुचलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. मी दमले होते आणि सांबार फार चांगलं होतं.

सोमवारी सुया ओढायला बसले. काचेच्या नळ्या आमच्याकडे एका उभ्या बरणीत असायच्या. मी हात घातला, तीन-चार नळ्यांची वरची तोंडं बोटांच्या चिमटीत धरली आणि उपसल्या. आणि तशीच हात हवेत धरून बसून राहिले.

चार बोटं, चार ग्लास.

माणसाच्या कातडीवर, घामात, आरएनए फाडणारी एक रसायनसेना कायम तैनात असते. हे मला कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून पाठ होतं. म्हणून तर आरएनएला हात लावताना आम्ही हातमोजे घालायचो, टेबल पुसायचो, जवळ बोलायचोसुद्धा नाही. पण सुया ओढताना मोजे काढून ठेवायचे, कारण तापलेल्या तारेला ते चिकटतात. आणि बरणी तर सगळ्यांची. येणारा-जाणारा उघड्या हातानं तोंडाकडून नळ्या उपसायचा. त्याच तोंडातून मी आरएनए आत भरत होते. इतकी वर्षं कुणाचं काही बिघडलं नव्हतं, कारण आधीचे सगळे डीएनए टोचायचे आणि डीएनए हा टणक गडी, त्याला घामाचं काही वाटत नाही. आरएनए टोचणारी मीच पहिली.

मी मॅडमच्या खोलीत गेले. त्या गुणगुणत होत्या. मी सांगायला लागले, वेटरपासून. गुणगुणणं थांबलं.

"कुपीतला आरएनए तू तपासलास," त्या म्हणाल्या. "सुईत गेल्यावरचा तपासलास का?"

"नाही."

"मीही कधी विचारलं नाही. तपास."

सुईत भरलेला थेंब थोडा वेळ ठेवून परत काढला आणि जेलवर चालवला. ठसठशीत पट्टीच्या जागी नुसता पुसट ओरखडा. माझा निरोप सुईतच फाटत होता. मी इतके आठवडे त्या गर्भांना चिठ्ठ्यांचे कपटे टोचत होते आणि वर उत्तराची वाट बघत होते. मला चिडायला हवं होतं, पण मला इतकं हसू आलं की मॅडमनी दार लावून घेतलं.

नव्या नळ्या आणल्या, भट्टीत कडक भाजून घेतल्या, फॉइलमध्ये गुंडाळल्या आणि बाहेर मोठ्या अक्षरांत कन्नड आणि इंग्रजीत लिहिलं, "हात लावू नये." खाली सवयीनं मराठीतही लिहिलं, जे वाचणारी तिथे मी एकटीच. सुया चिमट्यानं ओढायला शिकले. पुन्हा काही मोडल्या.

मग एका सकाळी टोचलं. दुपारी जेवणाआधी निळा दिवा लावला आणि डोळा लावला.

हिरवं. भरभरून, निर्लज्जासारखं हिरवं. काळ्या पाण्यात लहान लहान चंद्र लावून ठेवल्यासारखे ते गर्भ चमकत होते. मी एक बाजूला सारला, तर त्याच्यामागे दुसरा. मॅडमना हाक मारली. त्यांनी बघितलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "जेवून घे आधी." पण जाताना त्या गुणगुणत नव्हत्या, चक्क मोठ्यानं गात होत्या.

मी घरी फोन लावला. "आई, आलं."

"काय आलं? सिलिंडर?"

"हिरवं!"

पलीकडून नुसतं "अय्यो" ऐकू आलं आणि फोन बंद. थोड्या वेळानं गेटवरून निरोप, की एक बाई आल्यात, ट्रॅकपँट घातलीय आणि आत सोडा म्हणून भांडताहेत. परवानगी काढली, पाहुण्यांच्या वहीत सही झाली आणि सासूबाई सूक्ष्मदर्शकासमोर बसल्या.

"काय दिसतंय?"

"काळे काळे केस."

"त्या तुमच्या पापण्या आहेत. जरा मागे व्हा."

त्या मागे झाल्या, पुढे झाल्या, चष्मा काढला, घातला. आणि मग दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. एरवी मैदान डोक्यावर घेणारी बाई. नजर न काढता हळूच म्हणाल्या, "हे सगळं तू लिहून पाठवलंस आणि ह्यांनी ते वाचलं?"

"हो."

"एवढाल्याशांनी?"

त्यांच्या आवाजात काय होतं कोण जाणे, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी मोजे काढण्याच्या निमित्तानं तोंड फिरवलं. कंपनीला नाही म्हणून कळवायचं हे तिथंच ठरलं.

पुढचं काम सरळ झालं असं नाही, पण झालं. लांब शेपटीचा निरोप दिलेले गर्भ झगझगीत, मधल्या शेपटीचे मध्यम आणि आखूड शेपटीचे असे मिणमिणते, की अंधाराला डोळे सरावल्याशिवाय दिसू नयेत. ज्या दिवशी तिन्ही बशा शेजारी शेजारी ठेवल्या त्या दिवशी मोजायचीसुद्धा गरज वाटली नाही. मोजलं तरीही. दुसऱ्या दिवशी त्याच गर्भांच्या शेपट्या हलत होत्या, खऱ्याखुऱ्या, आणि छातीत इवलंसं हृदय टिकटिकत होतं. ते बघायला मी सगळ्या विभागाला बोलावलं.

एक गोष्ट मात्र माझ्या हातून निसटली. त्या दिवशी सासूबाई लॅबमधून निघताना मॅडमशी पाचेक मिनिटं बोलत उभ्या होत्या. मला वाटलं माझ्याबद्दल बोलत असतील. नंतर कळलं की विषय मॅडमच्या उंचीचा होता. संघातल्या एक बाई गुडघ्यामुळे बसल्या होत्या आणि नेटजवळ उंच माणूस हवं होतं. आता मॅडम आठवड्यातून तीन संध्याकाळी मैदानावर असतात, गात गात बॉल उडवतात आणि सासूबाई त्यांना नावानं हाक मारून ओरडतात. परिणाम असा, की लॅबमध्ये काही बिनसलं तर घरी कुरकुर करायची सोय राहिली नाही, आणि घरी बिनसलं तर ते लॅबमध्ये आधीच पोचलेलं असतं.